प्रचाराचे पंधरा दिवस

महाराष्ट्राच्या पूर्व टोकास गोंदिया जिल्हा आहे. हा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील प्रदेशास ‘झाडीपट्टी’ असे म्हणतात. दिवाळीच्या सुमारास धान कापले जाते आणि मग गावोगावी नाटकांचे दिवस येतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. गाण्यावाचून ते रंगत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथे अशा अनेक नाट्यमंडळ्या आहेत.

मी महाविद्यालयात संगीत शिकत होतो. हिवाळ्यात पंधरा दिवस प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा, असा आमचा नेम होता. त्याप्रमाणे मी एका नाट्यमंडळीत दाखल झालो. तेथे आपणांस गावयास मिळेल, अशी माझी आशा होती. पण हाती आला तो पत्रकांचा गठ्ठा! टेम्पोवर भोंगा बांधून अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गावे हिंडावयाची, पत्रके वाटावयाची आणि नाटकाची व गायकाची माहिती सांगावयाची, हे माझे काम. मी अगदी खट्टू झालो.

पेटीमास्तरांच्या ते ध्यानात आले. ते म्हणाले, “बाबू, विष्णु दिगंबर पलुसकरांचे नाव ऐकले आहेस ना? १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे सामान्य माणसापर्यंत जावे, म्हणून त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, स्वरलिपीची पुस्तके छापली. नुसते गवई घडविले नाहीत, तर संगीताचा प्रसार करणारे शिष्य घडविले. १९३१ साली ते वारले; पण पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. श्रोत्याला गाण्यापाशी आणणे हीदेखील संगीताची सेवाच आहे.”

मला हुरूप आला. परंतु उत्साहाच्या भरात माझ्या हातून एक चूक घडली. एका गावी लोक जमेनात, तेव्हा मी भोंग्यावरून सांगून टाकले, “मुंबईचे नामांकित गायक येत आहेत!” पाहता पाहता माणसे गोळा झाली. सायंकाळी हा पराक्रम मी मास्तरांना मोठ्या फुशारकीने सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपला गायक शेजारच्या गावचा शेतकरी. पावसाळ्यात तो चिखलात उभा राहून धानाची रोवणी करतो. उद्या त्याला पाहून लोक म्हणतील, ‘हा कुठला मुंबईचा?’ लबाडी तुझी, आणि मान खाली जाईल त्याची!”

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी त्याच गावी गेलो आणि भोंग्यावरून म्हणालो, “काल मी खोटे बोललो. आमचे गायक मुंबईचे नाहीत. ते इथलेच शेतकरी आहेत. पण गातात मात्र जीव ओतून.” काही जण हसले, काहींनी पत्रके परत केली. एवढ्यात एक म्हातारी पुढे येऊन म्हणाली, “आपल्याच झाडीतला आहे ना बाबू? मग येतो आम्ही.”

नाटकाच्या रात्री मंडप पूर्ण भरला नाही. मागच्या काही रांगा रिकाम्याच राहिल्या. त्या रांगांकडे पाहून मला वाईट वाटले. पण गायकाने पहिला सूर लावला आणि सारा मंडप स्तब्ध झाला. कडाक्याच्या थंडीत लोक घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसून राहिले. एका पदाला तर तीन वेळा ‘वन्स मोअर’ मिळाला! दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी मला फारसे बोलावे लागलेच नाही. त्या गाण्याची वार्ता आमच्या टेम्पोच्या आधीच तेथे जाऊन पोहोचली होती.

मुलांनो, त्या पंधरा दिवसांत मी व्यासपीठावर एकही गाणे गाइलो नाही. तरी एक गोष्ट मात्र शिकलो. भोंगा माणसाला मंडपाच्या दारापर्यंत आणतो. पहाटेपर्यंत बसवून ठेवते ते गाणेच. त्या दोहोंच्या मध्ये खोटेपणा येऊ न देणे, हेच प्रचारकाचे काम.

अभ्यास
१. पत्रकांचा गठ्ठा हाती येताच लेखक खट्टू का झाला?
२. पलुसकरांनी संगीताच्या प्रसारासाठी काय काय केले?
३. ‘लबाडी तुझी, आणि मान खाली जाईल त्याची’ असे पेटीमास्तर का म्हणाले?