लेक एडिटिंगसाठी लॅपटॉप मागतेय

पालकहो, बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की बऱ्याच घरांत सध्या एक मागणी पुढे येते : ‘मला एडिटिंगसाठी लॅपटॉप हवाय.’ त्यातही साधा नको, गेमिंगचा हवा. मग आपल्या कपाळावर आठी पडते. नाव एडिटिंगचं आणि खेळणार गेम, असं मनात येतंच. पण लेक थापा मारतेय असं लगेच धरू नका. व्हिडिओ एडिटिंगला स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा खरोखर उपयोग होतो आणि गेमला तेच कार्ड लागतं. तेव्हा ‘कशाला हवाय?’ यावर वाद घालण्यापेक्षा ‘काम कुठे बसून करणार?’ हे विचारा. लॅपटॉप की डेस्कटॉप, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

मुळात या कामाला एवढं दमदार यंत्र का लागतं? मोबाइलवर ४के व्हिडिओ काढला की त्याच्या प्रत्येक चौकटीत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. फुल एचडीच्या चौपट. जागा वाचावी म्हणून मोबाइल प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही. बऱ्याच चौकटींत शेजारच्या चौकटींपेक्षा काय बदललं, एवढंच नोंदवलेलं असतं. पाहताना ते चालून जातं. एडिटिंग करताना मात्र लेक सारखी मागेपुढे जाणार, कुठेही कट मारणार, आणि दर वेळी कॉम्प्युटरला ती चौकट नव्याने उभी करावी लागणार. त्यावर रंगदुरुस्ती, टायटल, दोन-तीन आवाजाचे ट्रॅक चढले की यंत्राचा घाम निघतो. शेवटी रेंडरला, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार करायला, लावलं की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बराच वेळ पूर्ण जोराने राबतात.

आणि जोर म्हटला की उष्णता आली. लॅपटॉपच्या पातळ अंगात ती बाहेर टाकायला जागा कमी, म्हणून तो तापला की स्वतःचा वेग उतरवतो. दुकानातल्या स्टिकरवरून हे कळत नाही. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० हे कार्ड घ्या. डेस्कटॉपमध्ये ते २०० वॉटपर्यंत वीज घेतं आणि त्याला १२ जीबी मेमरी असते. त्याच नावाच्या लॅपटॉपमधल्या कार्डाला ८ जीबी, आणि वीज लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवेल तशी, साधारण ३५ ते ११५ वॉट. नाव एक, ताकद वेगळी. विदर्भातल्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत हा फरक आणखी जाणवतो.

डेस्कटॉपची दुसरी जमेची बाजू आपल्या खिशाशी संबंधित आहे. आज १६ जीबी रॅम घ्या, पुढच्या वर्षी ३२ करा. डिस्क भरली तर नवी जोडा, कार्ड जुनं झालं तर तेवढंच बदला. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते. घेताना घेतली तेवढीच. २०२० नंतरच्या, ॲपलच्या स्वतःच्या चिपवरच्या मॅकबुकचंही तसंच आहे. ती यंत्रं बॅटरीवरही छान पळतात, पण रॅम नंतर वाढवता येत नाही. शिवाय स्वस्त लॅपटॉपचे पडदे रंग फिके दाखवतात. अशा पडद्यावर केलेली रंगदुरुस्ती दुसऱ्या स्क्रीनवर भलतीच भडक दिसू शकते. पडदा एसआरजीबी या नेहमीच्या रंगश्रेणीचे जवळपास शंभर टक्के रंग दाखवतो का, हे विकत घेताना विचाराच.

मग सरळ डेस्कटॉपच घ्यावा? लेक घरी राहूनच शिकणार असेल, टेबलापुरती जागा असेल, तर माझं उत्तर ‘हो’ असंच आहे. तेवढ्याच पैशांत जास्त ताकद मिळते. मॉनिटर डोळ्यांच्या उंचीवर ठेवता येतो, म्हणजे तासन्‌तास मान मोडून बसणं टळतं. मात्र यूपीएसचा खर्च आधीच धरा, नाहीतर लाइट गेली की तासाभराचं काम पाण्यात.

पण ती पुण्या-मुंबईत हॉस्टेलवर जाणार असेल, खोलीत तिघी-चौघी असतील, कॉलेजात ग्रुपने प्रोजेक्ट करायचे असतील, तर डेस्कटॉपचा हट्ट तुम्ही धरू नका. घरी पडून राहिलेल्या ताकदीचा तिला काय उपयोग? लॅपटॉपवर हे काम उत्तम होतं, थोडी युक्ती लागते इतकंच. जड फाइलींच्या हलक्या प्रती, म्हणजे ‘प्रॉक्सी’, बनवून त्यांवर कटिंग करायचं आणि शेवटचं रेंडर मूळ फाइलींवरून काढायचं. रेंडर करताना चार्जर लावलेला असावा आणि लॅपटॉप गादीवर नसावा.

यंत्र कुठलंही घ्या, दोन गोष्टींत काटकसर नको. एक, साठवण. १०० एमबीपीएसने (मेगाबिट प्रति सेकंद) चित्रित केलेला एक तासाचा व्हिडिओ ४५ जीबी होतो, आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. दोन, सॉफ्टवेअर. ‘क्रॅक’ केलेली प्रत कुणीतरी फुकट टाकून देईल. घेऊ देऊ नका. त्यातून व्हायरस येतात, आणि जिला उद्या आपल्या कामाचे पैसे मागायचे आहेत तिने दुसऱ्याच्या कामाची चोरी करू नये. त्यापेक्षा ‘दाविंची रिझॉल्व्ह’ या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती ४केपर्यंतच्या कामाला चालते आणि प्रॉक्सीही बनवते.

पण यंत्र म्हणजे सगळं नव्हे. रेणू सलुजा १९७०च्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन, म्हणजेच एडिटिंग, शिकल्या, तेव्हा फिल्म हाताने कापून जोडली जायची. ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’ या चित्रपटांच्या संकलनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. कुठला शॉट किती वेळ ठेवायचा, कुठे थांबायचं, हे कुठल्याच ग्राफिक्स कार्डासोबत येत नाही.

म्हणून खरेदीआधी लेकीला एक काम द्या. घरात जो कॉम्प्युटर असेल त्यावर, नसेल तर मोबाइलवर, तीन मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण करायला सांगा. विषय तिचा. तो झाला की शेजारी बसून बघा आणि विचारा : हा शॉट इथेच का कापलास? कुठे अडलीस? यंत्र कमी पडलं की सुचत नव्हतं? ती रेंडरला लागलेले तास आणि भरलेली डिस्क सांगू लागली, तर गरज खरी आहे, बजेट काढा. व्हिडिओ अर्धाच राहिला असेल तर रागावू नका, खरेदी सहा महिने पुढे ढकला. तोवर कदाचित पुढचं मॉडेलही आलं असेल, आणि तिलाही नेमकं काय हवं ते कळलं असेल.