भाताच्या पातीवरील अंडी

लावणीपूर्वी तरव्याची एक मूठ सोडून पाहत असता आमच्या मुलांना एका पातीच्या शेंड्याजवळ बदामी ठिपका दिसला. चिखलच तो, असे प्रथम आम्हांसही वाटले. भिंगाखाली धरताच त्यावर मऊ लव दिसली. ती खोडकिड्याच्या पतंगाची अंडी होती!

या पतंगाची मादी पिवळी असून तिच्या पुढील प्रत्येक पंखावर एकेक काळा ठिपका असतो. रात्रीच्या वेळी ती चपटी, पांढुरकी अंडी एकमेकांना चिकटून घालते आणि स्वतःच्या शेपटाकडील केस त्यांवर पांघरते. आईची ही माया शेतकऱ्यास मात्र फार महाग पडते. सुमारे आठवड्याने अळ्या बाहेर येऊन खोडात शिरतात. कोवळ्या रोपाचा गाभा सुकतो; पोटरीतल्या पिकाच्या लोंब्या पांढऱ्या व पोकळ निघतात, त्यांस पळींज म्हणतात. खोडातील अळीपर्यंत औषध पोचणे कठीण. म्हणून लावणीपूर्वीच रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावयाचे.

ट्रायकोग्रामा नावाचा अतिसूक्ष्म कीटक तर आपली अंडी या अंड्यांतच घालतो. आम्ही ती पात झाकणाच्या बरणीत ठेवली. सातव्या दिवशी मुलांनी पाहिले, तो काचेवर अळ्या चढत होत्या.