यंत्रबुद्धी आणि मनुष्यबळ : कोणते काम कोणाकडे?

धंद्यात नवे यंत्र आले की दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मते यंत्र हे सर्व अडचणींवरील उत्तर आहे. दुसऱ्या मते ते कामगाराच्या ताटातील भाकरी हिरावून घेणारे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संगणकांमुळे हा वाद आता कारखान्यापुरता न राहता कचेरी, पेढी व दुकान येथवर येऊन ठेपला आहे. अशा वेळी कामाचे स्वरूप पाहून निर्णय करणे श्रेयस्कर होय.

परिचयातील उदाहरण काजूचे. काजूगराची रंगावरून प्रतवारी करणे हे डोळ्यांना शिणविणारे काम आहे. नजर थकली की चुका वाढतात. रंगनिवडीच्या यंत्रात गर कॅमेऱ्यासमोरून जातो आणि डागाळलेला वा करपलेला दाणा हवेच्या झोताने बाजूला फेकला जातो. येथे काम एकसारखे आहे, चांगल्या-वाईटाची खूण ठरलेली आहे आणि दाणा चुकला तरी तो पुन्हा निवडता येतो. असे काम यंत्राकडे सोपविणे रास्तच आहे.

यंत्रावर वाजवीपेक्षा अधिक भिस्त ठेवल्यास काय होते, याचा अनुभव अमेरिकेतील टेस्ला या मोटार कंपनीने घेतला. बॅटरीवर काचतंतूंची मऊ चादर ठेवण्याचे काम तिने यंत्रमानवाकडे दिले होते. लवचिक वस्तू उचलून नेमकी ठेवणे माणसाला सहज जमते. यंत्राला ते नीट साधेना. यांत्रिकीकरणाचा अतिरेक ही चूक होती, अशी जाहीर कबुली कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी एप्रिल २०१८ मध्ये दिली.

ग्राहकसेवेतही हेच दिसून येते. आपला संगणकीय सहायक ७०० कर्मचाऱ्यांइतके काम करतो, असे स्वीडनमधील क्लार्ना या वित्तसंस्थेने २०२४ च्या प्रारंभी जाहीर केले. २०२५ मध्ये मात्र सेवेचा दर्जा घसरल्याचे तिच्या प्रमुखांनी मान्य केले व माणसांची भरती पुन्हा हाती घेतली. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संगणकीय मदतनीसाने आजीच्या निधनानिमित्त प्रवास करणाऱ्या एका उतारूस भाडेसवलतीची चुकीची माहिती दिली. ती जबाबदारी आपली नव्हे, हा कंपनीचा पवित्रा ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला व भरपाई देवविली. तात्पर्य, काम यंत्राकडे देता येते. उत्तरदायित्व देता येत नाही.

यावरून पुढील कसोट्या निघतात :

(१) काम वारंवार तेच व ठरावीक नियमांचे असेल, तर ते यंत्राकडे द्यावे.

(२) चूक लगेच दिसत नसेल किंवा तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागत असेल, तर अंतिम निर्णय माणसाकडे ठेवावा.

(३) गाऱ्हाणे, आजारपण, कर्जाची थकबाकी अशा प्रसंगी ग्राहकाला माणसाशी बोलण्याची सोय असावी.

(४) यंत्र बंद पडल्यास ते काम हाताने करू शकणारी माणसे संस्थेत असावीत.

सहकारी पतसंस्था असो वा लहान कारखाना, यंत्र घेण्यापूर्वी संचालकांनी या कसोट्या लावून पाहाव्यात. ज्यांचे काम यंत्राकडे जाणार, त्यांना यंत्राची देखरेख व तपासणी शिकविण्याची तरतूदही त्याच खर्चात धरावी. वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेली पारख एकदा गमावली, तर ती पैसे टाकून बाजारात मिळत नाही.