प्रबंध हाताने तपासून घ्यायला किती खर्च येतो?

बाइंडिंगला देण्याआधी प्रबंध कोणा जाणकाराकडून लेखणीने तपासून घ्या, असे बहुतेक मार्गदर्शक सांगतात. त्यासाठी पैसे किती द्यायचे, हे मात्र विद्यार्थ्याने कोणाला विचारावे? बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर कुठेही गेलात तरी हे काम करणारे बहुतेक जण निवृत्त शिक्षक, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक किंवा छापखान्यात आयुष्य गेलेले मुद्रितशोधक असतात. त्यांच्या दारावर दरपत्रक लावलेले नसते. दर तोंडी ठरतो, आणि तोंडी ठरलेल्या दरात दोन्हीकडची माणसे फसू शकतात. २०२३-२४ पासून एम.ए.च्या अभ्यासक्रमातही संशोधन प्रकल्प आला आहे, त्यामुळे हा प्रश्न आता फक्त पीएच.डी. करणाऱ्यांचा राहिलेला नाही.

दर विचारण्याआधी काम कोणते हवे ते ठरवा. छपाईच्या चुका, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे, सुटलेले शब्द, चुकलेले पृष्ठक्रमांक एवढेच पाहायचे असेल तर ते मुद्रितशोधन. वाक्य नीट लागते का, एकच मुद्दा तीन प्रकरणांत आला आहे का, तक्त्यातली टक्केवारी मजकुराशी जुळते का, संदर्भसूचीत नसलेला ग्रंथ तळटीपेत आला आहे का, हे पाहणे म्हणजे संपादन. दोन्हींना आपल्याकडे सरसकट ‘तपासणे’ म्हणतात आणि भांडणाचे मूळ बहुधा तिथेच असते. विद्यार्थ्याला संपादन हवे असते, दर ठरतो मुद्रितशोधनाचा.

आता हिशेब. खालचे आकडे रीत कळावी म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या गावातला दर घाला. समजा प्रबंध २४० पानांचा आहे, दोन ओळींत दुप्पट अंतर आहे आणि पानावर सुमारे २५० शब्द आहेत, म्हणजे एकूण ६०,००० शब्द. मन लावून संपादन करणारा माणूस तासाला सहा पाने करतो असे धरले, तर ४० तास लागतात. रोज पाच तास बसला तर आठ दिवस. पानाला २५ रुपये ठरले तर त्याला ६,००० रुपये मिळतात, म्हणजे तासाला १५० रुपये. तेच काम कोणी १० रुपये पानाने करतो म्हणाला, तर तासाला तेवढेच १५० रुपये मिळवायला त्याला पंधरा पाने उरकावी लागतील. म्हणजे एका पानाला चार मिनिटे. अडीचशे शब्द नुसते मोठ्याने वाचायलाच दोन मिनिटे जातात. उरलेल्या दोन मिनिटांत ऱ्हस्व-दीर्घ नीट होईल, वाक्य नीट होणार नाही. म्हणून १० रुपयांचा दर सांगणारा फसवतो आहे असे समजू नका. तो मुद्रितशोधनाचा दर सांगतो आहे, आणि त्या कामाला तो रास्त असू शकतो.

पैसे कमी असतील तर मला सगळ्यात शहाणपणाचा वाटणारा मार्ग असा. एकच प्रकरण, समजा ४० पाने, पूर्ण दराने संपादित करून घ्या: १,००० रुपये. त्या पानांवरच्या खुणा घेऊन बसा. आपण कुठे कुठे चुकतो हे त्यातून स्वच्छ कळते, कारण माणूस त्याच त्याच सात-आठ चुका करत असतो. उरलेली २०० पाने त्या नजरेने स्वतः दुरुस्त करा आणि मग ती फक्त मुद्रितशोधनाला द्या: २,००० रुपये. ६,०००च्या जागी ३,००० मध्ये काम होते, शिवाय पुढचा शोधनिबंध लिहिताना ही शिकवणी उपयोगी पडते.

‘पान’ म्हणजे काय हेही आधी ठरवा. एका ओळीच्या अंतराने, बारीक टाइपात काढलेल्या पानावर दुप्पट मजकूर बसतो. पाने कमी दिसावीत म्हणून तसे छापून नेणारे विद्यार्थी असतात. तपासणारा ते एका नजरेत ओळखतो आणि दर चढवतो. शब्दांवर दर ठरवणे दोघांच्या सोयीचे. संदर्भसूचीचा दर वेगळा विचारा. सूचीच्या पानाला साध्या पानापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि परीक्षक अनेकदा ती पाने आधी उघडतात.

दुप्पट अंतर देवनागरीत तर सोडूच नये. आपल्या लिपीत मात्रा, अनुस्वार, रफार वर बसतात, उकार खाली लटकतात. दाट ओळींमध्ये लाल शाईचा अनुस्वार टाकला तर तो वरच्या ओळीच्या उकारात मिसळतो. डीटीपीवाल्याच्या नजरेतून तो निसटतो आणि चूक तशीच छापली जाते. म्हणून चांगला तपासनीस नुसता ठिपका देत नाही. तो शब्दाखाली रेघ मारतो आणि समासात तो शब्द पुरता लिहून देतो. शब्द सुटला असेल तिथे काकपद, काढायचा असेल तिथे आडवी रेघ आणि समासात काढण्याची खूण, चुकून खोडलेले परत हवे असेल तर खाली ठिपके आणि ‘तसेच ठेवा’. या खुणांसाठी भारतीय मानकही आहे, आयएस १२५०. तुमच्या माणसाच्या खुणा थोड्या निराळ्या असल्या तरी बिघडत नाही. पहिल्या पानावर त्यांचा अर्थ लिहून घ्या आणि ते पान डीटीपीवाल्याला द्या. डाव्या-उजव्या समासाला दीड-दीड इंच जागा ठेवा आणि कागदाच्या एकाच बाजूला छापा.

खुणा करण्याआधी फॉन्टचा प्रश्न मिटवा. आपल्याकडे अजून पुष्कळ टंकलेखन कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये होते. तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात. कापूस, सोयाबीन, सिंचन यांवरच्या प्रबंधात ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द शेकडो वेळा येतो आणि नेमका त्यातला ‘ऱ्यां’ बिघडतो. तपासणी जुन्या फॉन्टवर आणि रूपांतर नंतर, असा क्रम लागला तर तपासणीचे पैसे वाया जातात, सगळे पुन्हा वाचावे लागते. आधी युनिकोड, मग प्रिंट, मग लेखणी.

शुद्धलेखनाचा आधार कोणता, हेही बोलून घ्या. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२चे आहेत, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम आणि अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ टेबलावर असला की बहुतेक वाद तिथेच मिटतात. अवतरणांना मात्र हे नियम लावायचे नाहीत. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांच्यावर काम करताना ‘शीळ’च्या १९५४च्या आवृत्तीतून ओळी घेतल्या, तर त्या जशा छापल्या आहेत तशाच राहायला हव्यात. १९६२ पूर्वीच्या छपाईत उच्चार नसलेले अनुस्वार दिसतात. ते खोडणारा तपासनीस अवतरण बिघडवतो. अवतरणाच्या पानांवर पेन्सिलीने ‘मूळ’ असे लिहून द्या आणि मूळ पानाची झेरॉक्स जोडा. दोन-तीन रुपयांचा खर्च आहे.

एका शब्दाचे एकच रूप ठरवणारी यादी तपासनिसाकडून मागून घ्या. जिल्ह्याचे नाव बुलडाणा लिहायचे की बुलढाणा, सिंदखेडराजा एकत्र की तोडून, लोणारला सरोवर म्हणायचे की विवर, आणि कुठे काय. चांगला माणूस ही यादी वाचता वाचता करतोच आणि तिचे वेगळे पैसे घेत नाही. ती मिळाली की दुसऱ्या वाचनाचा निम्मा त्रास वाचतो.

माणूस पारखायला मधली पाच पाने द्या, प्रस्तावना नको. प्रस्तावना सगळ्यांचीच पुन्हा पुन्हा लिहून गुळगुळीत झालेली असते. या पाच पानांचे पैसे द्या. फुकट नमुना मागणे बरोबर नाही. परत आलेल्या पानांवर तांबड्या रेघा किती आहेत हे मोजत बसू नका. समासात प्रश्न आहेत का ते पाहा: ‘हा आकडा कोणत्या वर्षाचा?’, ‘तक्ता ४ मध्ये बेरीज ९८ येते’, ‘हे वाक्य पृ. ३१वर आले आहे’. असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी थोडे जास्त पैसे द्यायला सांगेन.

यानंतर येणारा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत. खुणा संगणकावर घालायच्या असतात. डीटीपीवाल्याने पानाला पाच रुपये घेतले तर २४० पानांचे १,२०० होतात. स्वतः केले तर पैसे वाचतात, पण पानाला पाच मिनिटे धरली तरी वीस तास जातात. खुणा घालताना नव्या चुका शिरतात, म्हणून दुरुस्त प्रत जुन्या खुणांशी ताडून पाहण्याचे एक वाचन दरात धरले आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारा. आणि बाइंडिंगची घाई करू नका. पाच प्रती पुन्हा काढायच्या झाल्या तर दोन रुपये पानाने २,४०० रुपये नुसती छपाईच, शिवाय रेक्झिनचे बाइंडिंग पुन्हा.

तपासनीस शक्यतो आपल्याच तालुक्यातला निवडा. ७५ जीएसएमचा ए-फोर कागद सुमारे पावणेपाच ग्रॅम भरतो, म्हणजे २४० पानांचा गठ्ठा सव्वा किलोच्या थोडा आत भरतो. स्पीड पोस्टाने जाण्या-येण्याचा खर्च आणि गहाळ होण्याची धास्ती, दोन्ही टळतात. दिसले नाही ते समोर बसून विचारता येते, हा फायदा त्याहून मोठा. बाहेरगावी जावेच लागले तर महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत निम्मे भाडे आहे, ते हिशेबात धरा. इंग्रजीतल्या शोधनिबंधासाठी मात्र हाताच्या खुणांचा आग्रह नको. तिथे फाइलवरच दुरुस्ती करून घेणे स्वस्त पडते.

जेआरएफ असेल तर आकस्मिक खर्चाचे अनुदान मिळते. टंकलेखन-तपासणीचे बिल त्यात बसते का, हे मार्गदर्शक आणि कॉलेजच्या लेखा विभागाला काम देण्याआधी विचारा, आणि पावती नावानिशी घ्या. वर्षाला २० लाखांच्या आत सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे कोणी बिलात जीएसटी लावला तर नोंदणी क्रमांक मागा.

‘प्लॅगरिझम कमी करून देतो’ किंवा ‘प्रकरण लिहून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊच नका, दर कितीही कमी असो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही, ६०च्या वर नोंदणीच रद्द होते. शब्द फिरवून आकडा खाली आणणे हे संपादन नव्हे. कोणाकडून तपासून घेणार आहात ते मार्गदर्शकांना आधी सांगा आणि ऋणनिर्देशात त्या माणसाचे नाव घाला.

एका कागदावर पाच गोष्टी लिहून दोघांच्या सह्या घ्या: कामाचा प्रकार, शब्दसंख्या, दर, तारीख, दुसरे वाचन आहे की नाही. आगाऊ रक्कम एक-तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नका. पैसे घेऊन काम केलेच नाही तर आधी लेखी मागणी करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. तिथेही न सुटल्यास बुलढाण्यातल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. सह्यांचा तो कागद आणि पावती तेव्हा उपयोगी पडते.

खुणा केलेला गठ्ठा दुरुस्त्या झाल्यावर रद्दीत घालू नका. मौखिक परीक्षा होईपर्यंत तो सुतळीने बांधून ठेवा, कारण मूळ वाक्ये तुमची होती आणि बाहेरच्या माणसाने त्यांत नेमके काय बदलले, हे दाखवायला त्याच्याइतका स्पष्ट पुरावा दुसरा नसतो.