वैमानिकाचे उड्डाणतास

जयपूरच्या सांगानेर विमानतळावरील एका उड्डाणशाळेत न झालेल्या उड्डाणांचे तास नोंदवहीत चढविले गेले, असा आरोप राजस्थानच्या भ्रष्टाचार-प्रतिबंधक विभागाने २०११ मध्ये ठेवला. वैमानिकांच्या शिक्षणाची तुलना देशोदेशी प्रथम या तासांवरूनच होते. म्हणून हे प्रकरण गंभीर.

व्यावसायिक परवान्यास भारतात किमान २०० तास लागतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची सर्वसाधारण मर्यादाही तीच, अमेरिकेची २५०. पुढे मात्र वाटा फुटतात. हा परवाना व विशिष्ट विमानाचे शिक्षण एवढ्यावर भारतात प्रवासी विमानाचा सहवैमानिक होता येते. अमेरिकेत २०१३ पासून, काही सवलती वगळता, त्यास १५०० तास हवेत. या नियमामागे २००९ मधील बफेलोजवळचा अपघात होता. त्यात ५० माणसे दगावली. परंतु त्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० हून अधिकच होते! वेग घटल्याची सूचना मिळताच विमानाचे नाक खाली करावयाचे, ते कप्तानाने वर ओढले.

युरोपात प्रचलित असलेल्या बहुवैमानिक परवान्यात किमान २४० तासांपैकी बरेचसे जमिनीवरील अनुकारी यंत्रात जातात. तेथे असेच प्रसंग मुद्दाम उभे करून दोघा वैमानिकांकडून ते पुनःपुन्हा सोडवून घेतात.