जपानमधील शास्त्रीय संशोधन : विषय अनेक, रीत एक

(सामान्य विज्ञान : इयत्ता सहावी व सातवी)

पाठाचा हेतू

सामान्य विज्ञान शिकविताना एक गैरसमज शिक्षकांना पदोपदी आढळतो. शास्त्रीय शोध म्हणजे दूरदेशीच्या मोठ्या प्रयोगशाळेत, मौल्यवान यंत्रांच्या साहाय्याने, असामान्य बुद्धीच्या माणसांनी लावावयाची गोष्ट होय, असे मुले धरून चालतात. शाळेत एखादे भिंग व चार परीक्षानळ्या यांपलीकडे काही नसले, म्हणजे शास्त्र आपल्यासाठी नव्हे, असा निष्कर्षही ती मनाशी काढतात. हा गैरसमज उपदेशाने जात नाही, उदाहरणांनी जातो.

या दृष्टीने जपानमधील संशोधनाचा इतिहास फार उपयोगी आहे. हिम, तांदूळ, खाण, माती असे त्याचे विषय वरवर पाहता एकमेकांपासून दूरचे दिसतात. परंतु त्यांमागील रीत एकच आहे. जवळची वस्तू निरखून पाहणे, तिच्याविषयी प्रश्न विचारणे, तो प्रश्न प्रयोगाने वा मोजणीने तपासणे आणि जे आढळेल ते मान्य करणे, या त्या रीतीच्या चार पायऱ्या होत. यांपैकी शेवटची पायरी सर्वांत कठीण. ती गाळली तर किती अनर्थ होतो, हेही याच इतिहासात दिसून येते.

१. सशाच्या केसावरील हिमकण

होक्काइडो हे जपानच्या उत्तरेकडील बेट. तेथे हिवाळ्यात विपुल हिम पडते. १९३० साली उकिचिरो नाकाया हे पदार्थविज्ञानाचे तरुण अध्यापक तेथील विद्यापीठात आले. परदेशी शिकून आलेल्या या अध्यापकांना हवी होती ती साधने तेथे नव्हती. दाराबाहेर हिम मात्र हवे तेवढे होते. नाकाया यांनी तोच आपला विषय केला. डोंगरावरच्या लाकडी झोपडीत बसून, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी हिमकणांची सुमारे तीन हजार सूक्ष्मचित्रे घेतली व त्यांच्या आकारांचे वर्गीकरण केले.

पुढचा प्रश्न असा होता : हा कण प्रयोगशाळेत बनविता येईल काय? पाण्याची वाफ थंड हवेत सोडून तिच्यात त्यांनी निरनिराळे धागे टांगून पाहिले. कापूस, रेशीम, लोकर यांच्या धाग्यांवर सर्वत्र दहिवर साचे. सुटा कण काही बनेना. अखेर सशाच्या एका केसाच्या टोकावर १२ मार्च १९३६ रोजी मानवनिर्मित असा पहिला हिमकण वाढला. मग तपमान व वाफेचे प्रमाण बदलून त्यांनी असे दाखविले की, उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास भरपूर वाफ असता फांद्या फुटलेली चांदणी तयार होते, तर उणे ५ अंशांच्या आसपास सुया तयार होतात. म्हणजे जमिनीवर पडलेला कण नीट पाहिला असता, तो ज्या उंच हवेतून आला तेथील स्थिती त्याच्या आकारावरून ओळखता येते.

२. हातसडीचा तांदूळ आणि सत्तावीस हजार प्राण

एकोणिसाव्या शतकात जपानात बेरीबेरी या रोगाने थैमान घातले होते. पाय सुजत, हातापायांतील शक्ती जाई व शेवटी हृदय बंद पडे. पांढराशुभ्र सडलेला तांदूळ मुख्यतः खाणाऱ्या सैनिकांत व खलाशांत त्याचा प्रादुर्भाव विशेष होता. १८८२-८३ साली ‘र्‍युजो’ या लष्करी जहाजाच्या लांबच्या सफरीत ३७६ जणांपैकी १६९ आजारी पडले व २५ मरण पावले. नौदलाचे वैद्य कानेहिरो ताकाकी यांनी १८८४ साली दुसरे जहाज, ‘त्सुकुबा’, बऱ्याच अंशी त्याच मार्गाने पाठविण्याची व्यवस्था केली. मात्र अन्न बदलले आणि त्यात मांस, दूध, पाव व भाजी यांचे प्रमाण वाढविले. या वेळी रोगी अगदी थोडे निघाले, आणि मृत्यू एकही झाला नाही.

ताकाकी यांचे स्पष्टीकरण चुकीचे होते. अन्नात प्रथिने कमी पडतात म्हणून रोग होतो, असे त्यांना वाटे. परंतु त्यांची मोजणी खरी होती. सैन्यातील प्रमुख वैद्यांनी ती मानली नाही. रोग जंतूंमुळेच व्हावयाचा, हे त्या काळचे नवे व प्रतिष्ठित मत त्यांच्या मनात पक्के बसले होते, आणि पांढरा भात हा सैनिकाचा मानाचा आहार होता. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात जपानी सैन्यातील सुमारे २७,००० सैनिक शत्रूच्या गोळीने नव्हे, तर बेरीबेरीने मेले. पुरावा वीस वर्षे समोर होता. त्याकडे पाहण्याची तयारी मात्र नव्हती.

खरे कारण तांदळाच्या कोंड्यात होते. १९१० साली उमेतारो सुझुकी यांनी कोंड्यातून रोग बरा करणारे द्रव्य वेगळे काढल्याचे प्रसिद्ध केले. तेच पुढे ब-१ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. त्यांचा निबंध जपानी भाषेत असल्याने जगाचे त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, व श्रेय बव्हंशी इतरांकडे गेले. कोकणातील मुलांना हातसडीचा तांदूळ व गिरणीतील पांढरा तांदूळ यांतील फरक डोळ्यांनी दाखविता येईल. जो कोंडा पाखडून गुरांपुढे टाकला जातो, त्यातच माणसाचे प्राण वाचविणारे द्रव्य होते, हे सांगितले असता धडा कायमचा लक्षात राहील.

३. वेडे रोप

जपानी शेतकऱ्यांना भातावरील एक रोग पूर्वीपासून ठाऊक होता. काही रोपे एकाएकी उंच व किडकिडीत वाढत, फिकी पडत व दाणा न भरता कोलमडत. शेतकरी त्यांना ‘वेडी रोपे’ म्हणत. तैवानमध्ये, त्या बेटावर जपानची सत्ता असताना, एइची कुरोसावा यांनी या रोगाची बुरशी द्रवात वाढविली. मग बुरशी गाळून काढून टाकली आणि उरलेला द्रव निरोगी रोपांना दिला. ती रोपेही उंच वाढली. यावरून १९२६ साली असे सिद्ध झाले की, वेड लावणारी बुरशी प्रत्यक्ष नसली तरी तिने सोडलेले द्रव्य पुरेसे आहे. १९३५ साली तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्यास ‘जिबरेलिन’ हे नाव दिले. पुढे असे आढळले की, वनस्पती स्वतःच्या वाढीसाठी याच जातीची द्रव्ये स्वतःही तयार करतात.

नाशिक व सांगली भागातील शाळांत हा पाठ शिकविताना शिक्षकांस दाखला शोधावा लागणार नाही. घड मोकळा व्हावा, मणी फुगावा यासाठी द्राक्षबागायतदार जे ‘जीए’ वापरतात, ते जिबरेलिक आम्लच होय. भाताच्या रोगाचा शोध द्राक्षाच्या मळ्यात उपयोगी पडला.

४. एक खाण, दोन शोध

जपानच्या गिफू प्रांतात कामिओका येथे जस्त व शिसे यांची जुनी खाण होती. तिचे सांडपाणी जिंझू नदीत जाई व नदीचे पाणी खाली तोयामा प्रांतातील भातशेतीला मिळे. त्या गावांतील प्रौढ स्त्रियांना एक भयंकर रोग जडू लागला. हाडे ठिसूळ होऊन साध्या खोकल्यानेही मोडत. रुग्ण ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे कण्हत. तेच रोगाचे नाव पडले. तेथील एक गावडॉक्टर नोबोरू हागिनो यांनी रुग्णांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती जिंझूच्या पाण्यावर भिजणाऱ्या पट्ट्यातच आढळली. दोष खाणीचा आहे, असे त्यांनी १९५७ साली मांडले. आरंभी त्यांची उपेक्षाच झाली. परंतु पाणी, तांदूळ व हाडे यांच्या पृथक्करणात कॅडमियम हा विषारी धातू सापडला. १९६८ साली सरकारने हे कारण मान्य केले आणि १९७२ साली वरिष्ठ न्यायालयात पीडितांचा विजय झाला. दूषित शेतांतील माती बदलण्याचे काम २०१२ सालापर्यंत चालले.

त्याच खाणीच्या पोटात, सुमारे एक हजार मीटर खोल, पदार्थवैज्ञानिकांनी १९८३ साली ३,००० टन शुद्ध पाण्याची टाकी उभारली. प्रोटॉन हा अणूतील कण कधी फुटतो काय, हे मासातोशी कोशिबा व त्यांच्या सहकाऱ्यांस पाहावयाचे होते. तो फुटलेला दिसला नाही. परंतु २३ फेब्रुवारी १९८७ रोजी दूरच्या एका ताऱ्याच्या स्फोटातून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण पृथ्वीतून आरपार गेले. त्यांपैकी ११ कणांनी टाकीतील पाण्यात क्षीण प्रकाश उमटविला व तो टाकीच्या भिंतींवरील प्रकाशग्राहक नळ्यांनी टिपला. पुढे तेथेच ५०,००० टनांची मोठी टाकी झाली. न्यूट्रिनोला वस्तुमान असते, याचा पुरावा तिने १९९८ साली दिला. कोशिबा यांस २००२ साली व ताकाआकी काजिता यांस २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खाणीत न्यूट्रिनो शोधण्याचा मार्ग भारतासही अपरिचित नव्हता. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी, ओसाका व इंग्लंडमधील डरहॅम येथील सहकाऱ्यांसह, वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो टिपले होते.

एकाच डोंगराखाली एका शास्त्राने ताऱ्याचा मृत्यू ओळखला, तर त्याच डोंगरातून वाहणाऱ्या पाण्यात दुसऱ्याने माणसांच्या मृत्यूचे कारण ओळखले. यांतील एक मोठे व दुसरे लहान, असे म्हणता येणार नाही.

५. रात्रशाळेतील शिक्षक

सातोशी ओमुरा हे शेतकऱ्याचे पुत्र. पदवी घेतल्यावर १९५८ पासून ते तोक्योतील एका रात्रशाळेत शिकवीत. परीक्षेच्या वेळी कारखान्यातून धावत आलेल्या विद्यार्थ्यांच्या हातांना तेल लागलेले त्यांनी पाहिले. ही मुले दिवसभर राबून इतके शिकतात, तर शिक्षकाने आपले शिक्षण का थांबवावे, या विचाराने त्यांनी स्वतः पुन्हा अभ्यास सुरू केला व ते संशोधनाकडे वळले. जेथे जातील तेथील चिमूटभर माती लहान पिशवीत घालून आणण्याची त्यांना सवय होती. इतो गावाजवळील अशाच मातीतील एका जीवाणूपासून पुढे, अमेरिकेतील विल्यम कॅम्पबेल यांच्या सहकार्याने, आयव्हरमेक्टिन हे औषध निर्माण झाले. आफ्रिकेतील नदीकाठच्या लक्षावधी लोकांची दृष्टी त्याने वाचविली. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात हत्तीरोग निर्मूलनासाठी जी तीन औषधे एकत्र देण्यात आली, त्यांत हे एक होते. ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गात करावयाचे काम

(अ) तुरटी कढत पाण्यात विरघळवून दोन पेल्यांत ओतावी. एक पेला थंड पाण्यात ठेवून लवकर निववावा, दुसरा झाकून सावकाश निवू द्यावा. दोन्हींतील स्फटिकांचे आकार मुलांनी भिंगातून पाहून वहीत काढावेत.

(आ) गावाचा नकाशा फळ्यावर काढून पिण्याच्या पाण्याच्या सर्व जागा मुलांकडून दाखवून घ्याव्यात व कोणते पाणी कोणत्या वस्तीस जाते ते लिहवून घ्यावे.

(इ) मुलांनी काढलेला निष्कर्ष पुस्तकाशी जुळला नाही, तर तो लगेच खोडू नये. प्रयोग पुन्हा करवून घ्यावा.

प्रश्न

१. हिमकणाच्या आकारावरून कोणती माहिती मिळते?
२. ताकाकी यांचे स्पष्टीकरण चुकले असताही त्यांचा उपाय लागू का पडला?
३. बुरशी गाळून टाकण्यात कुरोसावा यांचा हेतू कोणता होता?
४. हागिनो यांनी रुग्णांची घरे नकाशावर का मांडली?
५. तुमच्या गावात रोज दिसणारी, परंतु कारण ठाऊक नसलेली एक गोष्ट लिहा. ती तपासण्यासाठी काय कराल?

पाचव्या प्रश्नास ठराविक उत्तर नाही. ज्या वर्गात त्याची चाळीस निरनिराळी उत्तरे येतील, त्या वर्गात हा पाठ खऱ्या अर्थाने पुरा झाला, असे समजावे.