तिकिटसंग्रह आणि सौजन्य

१८५२ सालीं सिंध प्रांतांत निघालेलीं अर्ध्या आण्याचीं तिकिटें आज संग्राहकांस रत्नांप्रमाणें वाटतात. परंतु मोल जाणणाऱ्यावर जबाबदारीही येते.

आमच्या मंडळांत एकदां वरच्या इयत्तेंतील मुलानें दहा रंगीत तिकिटें देऊन एका लहानग्याचें दुर्मिळ तिकीट घेतलें. लहानगा आनंदला, मोठ्यास मात्र खरी किंमत ठाऊक होती. यास अदलाबदल म्हणावें काय? ज्यास अधिक कळतें, त्यानें आधीं सांगावें, मग मागावें. दुसऱ्याचें तिकीट चिमट्यानेंच उचलावें. बोटांच्या घामानें तें डागाळतें. नवशिक्याच्या प्रश्नास हसूं नये.

त्या मुलानें दुसऱ्या दिवशीं तिकीट परत केलें. पुढें आपल्या वहींतील ती रिकामी जागा दाखवून तोच लहानांस तिकिटांचें मोल समजावूं लागला.